पांढऱ्या गाडीला एकवीस टिळे

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतले समस्त चारचाकीधारक, त्यांचे भाऊबंद, व्याही-पाहुणे आणि विशेषेकरून ज्यांच्याकडे लायसन्स आहे पण किल्ली नाही अशा त्यांच्या बायका, यांना कळवण्यात येते की आमच्या गाडीच्या डाव्या दारावरचा टवका, जो गेली चार वर्षे सर्वांना मोफत दाखवला जात होता, तो आता तिथे नाही. तरी दर्शनासाठी कुणी येऊ नये.

टवका मीच पाडला होता. हे आधीच कबूल करते, नंतर कुणी उकरून काढायला नको. लायसन्स हातात आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी गाडी डेअरीपर्यंत नेली, वळवली, परत आणली आणि अंगणात शिरताना दार ट्रॉलीच्या कडीला घासलं. पावट्याएवढा रंग उडाला. आमचे हे धावत आले, वाकले, टवक्यावर बोट फिरवलं आणि पेशंट गेल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "झालं. म्हणलं व्हतं का न्हवतं?"

ट्रॉली तिथं आडवी कुणी लावली होती, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्यांनीच लावली होती. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात गेली ती गेलीच.

गाडी जुनीच घेतलेली, पुण्याच्या एका डॉक्टरची. पण हे सगळ्यांना सांगत, "काचेसारखी आणलीय, राव! एक टवका दाखवा, गाडी तुमची." माझ्या पराक्रमानंतर या वाक्याला शेपूट फुटलं. घरी कुणीही आलं की चहाच्या आधी त्याला डाव्या दाराशी नेण्यात यायचं. "पावणं, हिकडं या. ही बघा आमच्या मॅडमची सही." पाहुणे हसायचे. हे हसायचे. आणि मी, दोन वर्ग एकटीने सांभाळणारी, केंद्रप्रमुखांना तोंडावर उत्तर देणारी बाई, ट्रे हातात धरून त्यांच्याबरोबर हसायचे. बाकी सगळं एक वेळ सोडून देईन, पण ते माझं हसणं आठवलं की आजही माझ्या कानशिलात आग होते.

एकदा मी म्हटलं होतं, "अहो, एवढंसं तर आहे. छोटी रंगाची बाटली मिळते. मी लावते घरीच."

"नाय नाय. असल्या कामाला शोरूमचा मानूस लागतो. घरी रंग लावला की गाडीचं पार माकाड व्हतं."

मी पिंपळवंडीच्या फाट्यावर सकाळी उभी राहायचे, एसटीची वाट बघत. मंचरच्या बाजारात निघालेल्या कांद्याच्या गाड्या अंगावर धुरळा उडवत जायच्या. एसटी कधी थांबायची, कधी नुसती हळू व्हायची आणि आशा लावून पुढे जायची. मंचरला उतरून पुढे वाडीवरच्या शाळेपर्यंत रिक्षा मिळाली तर रिक्षा, नाहीतर पाय. शाळेत पोचले की पोरं सांगायची, "बाई, तुमच्या केसांत माती हाय." आणि गाडी घरी कव्हर घालून उभी. तिला ऊन लागू नये म्हणून.

यंदा दसऱ्याच्या आठवड्यात कांदाचाळीतली गोणी उचलताना यांच्या कमरेत उसण भरली. कॉटवर आडवे झाले आणि घरातली दोन कामं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे आली. एक, दसऱ्यासाठी गाडी धुणं. दुसरं, विहिरीवर जाऊन मोटर चालू करणं. ही दोन्ही कामं ते कुणाला करू देत नसत. गाडी धुताना म्हणे बायकांच्या बांगड्यांनी चरे पडतात. मोटरीचं कारण त्यांनी कधी सांगितलंच नाही.

बांगड्या काढून ठेवल्या, बादलीत साबण कालवला आणि बॉनेटवरून हात फिरवला. हाताला काहीतरी लागलं. पुळीसारखं. वाटलं, चिखल वाळला असेल. घासलं, निघेना. पुढे दुसरं. मडगार्डवर तिसरं. बंपरवर तर पुरळच. मी खाली बसून उन्हाच्या तिरपीत बघितलं. पांढऱ्यावर पिवळसर पांढरे थेंब. टवका उडालेला, त्यावर जाड रंगाचा ठिपका टेकवलेला, न घासता, न पुसता, चोरासारखा घाईघाईने. सगळ्या गाडीला फेरी मारून मी मोजले. एकवीस.

आणि बाविसावा माझा, डाव्या दारावरचा. तेवढ्याला रंग लावलेला नव्हता.

मी ओल्या फडक्यासकट तिथेच उभी राहिले. आधी डोक्यात काही शिरेना. मग शिरलं, आणि जे शिरलं ते बाहेर निघेना. म्हणजे हा माणूस मंचरला आणि आळेफाट्यावर गाडी घासून आणत होता, गुपचूप बुजवत होता आणि माझा एक टवका जपून ठेवत होता. आपले एकवीस झाकायला माझा एक उघडा.

दुपारी मोटर चालू करायला गेले. स्टार्टरच्या पेटीचं दार उघडलं तर आत फ्यूजच्या खाली प्लास्टिकच्या डब्यात सगळा संसार मांडलेला. नेलपॉलिशसारखी पांढऱ्या रंगाची बाटली, पॉलिश पेपरचे तुकडे, थिनरची छोटी शिशी, प्रायमर, कापूस, टूथपिकं. बाटली निम्मी संपलेली. 'मोटर चालू करून येतो' म्हणून हे रोज अर्धा तास कुठे गुंग होतात, ते चार वर्षांनी कळलं. मोटर चालू केली. पाणी पाइपात धावायला लागलं आणि मी विहिरीच्या कठड्यावर बसून अशा शिव्या दिल्या, ज्या मी वर्गात ऐकल्या असत्या तर पालकांना बोलावून घेतलं असतं.

तुम्ही म्हणाल, घरी जाऊन भांडायचं. भांडले असते तर काय झालं असतं? चार भिंतींच्या आत निकाल लागला असता. "बरं बाई, चुकलं" म्हणून कूस बदलली असती. टवका चारचौघांत दाखवला होता. मग त्याचा हिशेब चार भिंतींत का? डबा पिशवीत टाकला आणि घरी आले. कॉटवरून आवाज आला, "झाली का मोटर चालू? पेटीत दुसरं कशाला हात नाय ना लावला? शॉक बसंल."

"बसला," मी म्हटलं.

त्यांनी "आँ?" केलं. मी चहा टाकायला गेले.

रंगकाम मला नवं नाही. वाडीवरच्या शाळेच्या भिंती मी रंगवल्यात, बाराखडीपासून सूर्यमालेपर्यंत. रंगाच्या कामात घाई करणाऱ्याचं पितळ उन्हात उघडं पडतं, हे मला शनीच्या कड्यांनी शिकवलंय. दुसऱ्या दिवशी रविवार होता. डावं दार नीट धुऊन कोरडं केलं. टवक्याची कड ओल्या पॉलिश पेपरने इतकी हलकी घासली की बोटाला उंचवटा लागेना. थिनरच्या बोळ्याने पुसलं. आत पत्रा दिसत होता, म्हणून आधी प्रायमरचा एक टिपका, टूथपिकाने, फक्त खड्ड्यात. तो वाळू दिला. मग रंग, पातळ. वाळू दिला. परत पातळ. तिसऱ्यांदा खड्डा भरून कणभर वर आला, तेव्हा थांबले. गाडीवर पुन्हा कव्हर घातलं. दोन दिवसांनी ओल्या पेपरने तो कण सपाट केला आणि मऊ फडक्याने पॉलिश केलं.

दसऱ्याला धाकटे दीर आणि जाऊबाई आळ्याहून आले. जाऊबाईंचे वडीलही आले होते. आमच्या सासऱ्यांना सगळे दादा म्हणतात. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले. गाडीवरचं कव्हर काढलं, झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. पूजा घरातल्या बाईने करायची, म्हणजे मी. ताटात हळद, कुंकू, अक्षता, आपट्याची पानं. आणि प्रथेप्रमाणे गाडीची किल्ली. ती यांनी स्वतः खिशातून काढून ताटात ठेवली, वर्षातून एकदा ठेवतात तशी.

मी स्वस्तिक काढलं. मग ओल्या कुंकवात बोट बुडवून बॉनेटवर एक टिळा लावला. त्याच्या शेजारी दुसरा. मडगार्डवर. बंपरवर ओळीने सात. मागच्या दारावर. डिकीच्या कडेला.

जाऊबाई म्हणाल्या, "ताई, अहो गोवर झाल्यागत दिसायला लागली की गाडी!"

"दुखऱ्या जागी कुंकू लावतेय," मी म्हटलं.

हे कमरेला पट्टा बांधून ओट्याच्या खांबाला टेकले होते. टिळे कुठे पडताहेत ते आधी त्यांच्या ध्यानात आलं नसावं. जाऊबाईंच्या वडिलांकडे बघून त्यांनी नेहमीचं सुरू केलं. "पावणं, या हिकडं, डाव्या अंगाला. आमच्या मॅडमची सही दाखवतो." पाहुणे मागे, हे पुढे, कमरेवर हात ठेवून. दारापाशी वाकले. बोट फिरवलं. परत फिरवलं. चष्मा वर केला.

"कुठं?" पाहुणे म्हणाले.

"हितंच तर व्हती..."

"न्हाई बा. चकचकीत हाय. बाकीकडं मात्र लईच कुंकू हाय."

दादा खुर्चीतून उठून आले. जन्म बैलगाडीवर गेलेला माणूस, जनावराच्या अंगावरून हात फिरवून दुखणं ओळखणारा. एका टिळ्यावर त्यांनी अंगठा दाबला, मग दुसऱ्यावर, मग बंपरवरच्या सातांवर एकेक करून. अंगठा लाल झाला. वळून त्यांनी मुलाकडे असं बघितलं की माझी चार वर्षं निम्मी वसूल झाली.

"लिंबावरनं गाडी कोन घालनार? ह्येची तर कंबर गेलीय," दीर म्हणाले.

मी ताटातली किल्ली उचलली, ताट जाऊबाईंच्या हातात दिलं आणि आत बसले. कुणी दिली नाही, मी घेतली. आज ती माझ्या पर्समध्ये असते आणि फाट्यावर थांबायची मला गरज पडत नाही. दादा शेजारी येऊन बसले. चारी लिंबं एकदम फुटली. ट्रॉली अंगणात आडवीच होती, तिला वीतभर अंतर ठेवून मी गाडी बाहेर काढली.

फाटकातून निघताना दादांनी खिडकीबाहेर डोकं काढून विचारलं, "सूनबाई, किती गं टिळं झालं समदं?"

"एकवीस, दादा!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

आणि मागून, चार वर्षं एकच टवका असलेल्या गाडीचा मालक कंबर विसरून ओरडला, "एकवीस कुठनं आनले? माझे सतराच हैत! चार तर त्या डॉक्टरचे हैत, घेतली तवापासनं!"