नदीकडे तोंड केलेली दारं

विमान खाली येऊ लागलं तसं फिकट हिरवं पाणी दिसलं आणि त्याच्या कडेला वाळूच्या रंगाचं बहारीन. नव्वदच्या दशकातला तो हिवाळा. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. धाकट्या भावाने, सदाने, व्हिजिट व्हिसा पाठवला होता.

सदा तुबलीतल्या एका गॅरेजात मेकॅनिक. राहायचा मागच्याच खोलीत. पहिल्या दुपारी सुरमईचं कालवण आणि भट्टीतला गरम खुबुस (तिथली रोटी) असा बेत झाला. हात धुतल्याबरोबर तो मला शेजारच्या गाळ्यात घेऊन गेला.

"दादा, हा इद्रिसभाई. सुदानचा. गाड्यांवर नावं रंगवतो. पण हे बघ काय काढलंय!"

प्लायवुडवर एक अख्खं गाव होतं. नाईलचं पाणी, खजुराची झाडं, मातीची पांढरी घरं आणि प्रत्येक दाराच्या वर भिंतीत बसवलेल्या चिनीमातीच्या बशा. माझ्यातला मास्तर कुठला गप्प बसतोय! "सगळी दारं एकाच बाजूला कशी? गाव असं नसतं," मी म्हणालो.

इद्रिस हसला. "मास्टरजी, हमारा गाँव ऐसा ही था. सब दरवाजा नदी की तरफ. अभी खलास, सब पानी में."

नाईलवर धरण झालं आणि गाव बुडालं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मला माझीच लाज वाटली.

चित्र सगळं आठवणीतून काढलेलं. ते बरोबर उतरलंय का, हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, त्याची आई. आणि तिची नजर अधू होत चाललेली. सुदानला निघालेल्या एका ओळखीच्याबरोबर त्याने चित्राचा फोटो तिला पाठवला होता. तो रोज उत्तराची वाट पाहायचा, आणि बघता बघता मीही पाहू लागलो. सदा हौसेने मनामा, रिफा दाखवायला न्यायचा, पण संध्याकाळी माझे पाय त्या गाळ्याकडेच वळायचे.

दुसऱ्या शुक्रवारी इद्रिसच्या आईची कॅसेट आली. टेपमधला म्हातारा आवाज घरामागून घर ओळखत गेला. इद्रिस एकेक नाव आम्हाला हिंदीत सांगत होता आणि डोळे पुसत होता. सदा पाठ फिरवून उभा राहिला. आमची आई गेली तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नव्हती.

मग तिने काहीतरी विचारलं. इद्रिसने टेप बंद केला.

"पूछती है, सब दरवाजा बंद क्यों है?"

गाव सोडताना सगळ्यांनी दारांना कुलपं लावून किल्ल्या बरोबर घेतल्या होत्या. बोटीतून त्याने शेवटचं पाहिलं ते हेच.

त्याने रंग कालवले आणि एक ब्रश माझ्या हातात दिला. "एक तुम खोलो, मास्टरजी."

उघड्या दारात काळोख दाखवायचा म्हणून मी सवयीने काळा रंग घेतला. त्याने माझा हात धरला.

"काला नहीं. अम्मा घर में है."

मी ब्रश धुतला आणि पिवळा घेतला.

इकडे परतल्यावर जो तो विचारतो, बहारीनमध्ये काय काय पाहिलं? मी समुद्र सांगतो, सोन्याची दुकानं सांगतो. त्या गावाचं सांगायचं तर कागद-पेन्सिल घेतो. तिथे आता कुणालाच जाता येणार नाही, आणि तरी तिथल्या एका घराचं दार मी माझ्या हाताने उघडून आलोय.