उजव्या अंगठ्याचं नख

हसणार नसाल तर सांगतो. राहू दे, तुमची तोंडं बघूनच कळतंय! तरी सांगतो. माझ्या लग्नात मी माझ्याच पायावर कसा धोंडा पाडून घेतला, त्याची ही गोष्ट.

साठ साल उलटून काही वर्षं झाली होती. बोईसरकडे बांधकामं निघाली होती आणि मी तिथे मुकादम. पावसाळाभर पायात गमबूट. दिवाळीनंतर पाहतो तर उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, भुसभुशीत!

एरवी पायाकडे कोण बघतंय हो? पण तीन आठवड्यांवर माझं लग्न, आणि भर मांडवात सासरा जावयाचे पाय धुतो! त्या काळी कुठे जरा डाग दिसला की लोक भलताच रोग ठरवून मोकळे. लग्न मोडलं तर? मुलगी मला मनापासून आवडली होती.

गेलो पालघरला, एका डॉक्टरीणबाईंकडे. काय बाई होत्या! नखाचा चुरा खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि म्हणाल्या, बुरशी आहे. जणू लोणच्यावर आलीय, इतक्या शांतपणे.

मी म्हटलं, नख उपटून टाका. त्या म्हणाल्या, उपटता येतं, पण नवं यायला वर्ष जाईल आणि बुरशी उरली तर तेही असंच येईल. वरून लावायचं औषध आहे, पण एवढ्या जाड नखात ते नीट मुरत नाही. हल्ली गोळ्या निघाल्यात. रोज जेवणाबरोबर घ्यायच्या, वर्षभर तरी. मुळाकडून चांगलं नख वाढत येईल, तोवर धीर धरायचा आणि पाय कोरडे ठेवायचे.

"आणि तीन आठवड्यांत काय करू?"

"तीन आठवड्यांत सासऱ्यांना खरं सांगा. कुठले ते?"

माकुणसारचे, म्हटल्यावर बाई गालातल्या गालात हसल्या. का हसल्या, ते मी विचारलं नाही.

गोळ्या सुरू केल्या, पण खरं सांगायचं धैर्य कुठून आणू? अंगठ्याला पट्टी बांधली आणि सांगितलं, बैलानं पाय दिला. झालं! ही बातमी सफाळ्याला पोचेपर्यंत अंगठ्यावरून गाडीचं चाक गेलं होतं, आणि माकुणसारला पोचेपर्यंत माझा पाय कापायला काढला होता. सासऱ्यांचा निरोप आला, तारीख पुढे ढकलू, पाय सांभाळा. मी घाईघाईने कळवलं, चालता येतं, थोडा लंगडतो एवढंच. म्हणजे आता लंगडणं आलंच!

लग्नाच्या सकाळी मुरब्याहून आलेल्या आत्याने पट्टी सोडून मला नखशिखांत हळद फासली. दहाही नखं पिवळी! त्यातलं आजारी कुठलं, ते तिला कसं कळणार? अंघोळीनंतर तिने पट्टी बांधली ती डाव्या पायाला. मी मुंडावळ्या सांभाळण्यात दंग. मांडवात शिरलो तो पट्टी डाव्या पायाला आणि लंगडतोय उजव्या पायाने!

सासरे समोर बसले. माकुणसारला केळीची मोठी वाडी, जन्म पाटाच्या पाण्यात गेलेला माणूस. जखमेला धक्का नको म्हणून हळूच पट्टी सोडली. हळदीखाली अंगठा ठणठणीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उजव्या अंगठ्याच्या जाड, भुसभुशीत नखाकडे. संपलं लग्न!

त्यांनी दोन्ही पाय धुतले. उपरण्याने बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या केल्या. मग स्वतःच्या हाताचा अंगठा हळूच माझ्यासमोर धरला. नखाचा शेंडा पिवळा, पण मुळाकडून अर्धं नख नवं, स्वच्छ.

"चार महिने गोळ्या खातो हाय," ते कानाशी म्हणाले. "पालघरच्या डॉक्टरीणबाईच्या. यात लाजायचं काय नाय, जावईबापू."

आणि कुणाला दिसायच्या आत ती पट्टी उजव्या अंगठ्याला बांधून मोकळे! असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. माझे डोळेच भरून आले.

इतका भारावलो, की उठलो आणि ताठ मानेने, झपाझप चालत अंतरपाटापाशी जाऊन उभा राहिलो. लंगडायचं विसरूनच गेलो!

ते पाहून आत्याने हात जोडले. सासऱ्याने पाय धुतले आणि लंगडा जावई चालू लागला, ही बातमी जेवणाच्या पंगती उठायच्या आत गावभर झाली. पुढे कितीतरी वर्षं लोक मुरगळलेले पाय घेऊन सासऱ्यांच्या वाडीत यायचे, आणि ते मला शेजारी बसवून प्रत्येकाला एकच सांगायचे:

"माझ्या हातात काय नाय. पालघरला डॉक्टरीणबाईकडं जा. पण आधी मला सांगा, तुमी खरे लंगडता का आमच्या जावयासारखे?"