दादाच्या फडक्याचा डाग

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. "आधी मानत नव्हतो, आता मानतो" असं म्हणत तुमच्या रांगेत येऊन बसायला मी या गूढ अनुभवांच्या सदराला लिहीत नाहीये... आजही मानत नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहिलीत, हिंगोलीपासून कनेरगाव नाक्यापर्यंत भिंतींवर चिकटवलीत. जिभेवर कापूर जाळून दाखवलाय, अंगात आलेल्या बायांना भर सभेत प्रश्न विचारलेत. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी माझी एक ओळ ठरलेली — तपासा, मगच माना.

माझा थोरला भाऊ प्रकाश हवाई दलात मेकॅनिक होता. गल्लीत सगळे त्याला पायलट म्हणायचे आणि तो वैतागायचा. "उडवणारा वेगळा, बाबांनो. मी पुसणारा." मिग-२९ विमानांच्या देखभालीत त्याची अकरा वर्षं गेली.

२००३ साली तो रजेवर घरी आला आणि त्याला कावीळ झाली. मी तेव्हा वसमत तालुक्यात गावोगाव कार्यक्रम करत होतो. इकडे शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आईने त्याला कावीळ उतरवणाऱ्या एका बाबाकडे नेलं. माळ घातली, झाडपाला पाजला, आठ दिवस घालवले. मी परत येऊन त्याला दवाखान्यात हलवलं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "उशीर केलात." मी लोकांना जे करू नका म्हणून ओरडून सांगत होतो, तेच माझ्या घरात झालं होतं. दादा गेला. आईशी मी वर्षभर कामापुरतंच बोललो.

जाताना दादा एक विमान अर्धवट ठेवून गेला. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून बनवायचं मॉडेल — मूळ मिगच्या बहात्तराव्या हिश्श्याचं, म्हणजे जेमतेम वीतभर. जोडणी झाली होती, राखाडी रंग मारून झाला होता. राहिलं होतं ते मळवणं. हा त्याचाच शब्द. "नवं कोरं विमान खोटं दिसतं," तो म्हणायचा, "रोज उडणाऱ्याच्या अंगावर खुणा पाहिजेत." काळा तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा, पत्र्यांच्या सांध्यात सोडायचा, मग सुक्या कापडाने नाकाकडून शेपटीकडे पुसायचं. उडताना वारा त्याच दिशेने जातो, म्हणून ओघळही त्याच दिशेने. दवाखान्यात पडल्यापडल्या त्याने हे मला तोंडी शिकवलं.

आम्ही बौद्ध; वर्षश्राद्ध करत नाही, गेलेल्याच्या नावाने वंदना घेऊन पुण्यानुमोदन करतो. त्याच्या आठवडाभर आधी मी विमान मळवून पूर्ण केलं. दोन्ही पंखांवर सारख्या रेघा, मोजून. आई दारातून बघत होती.

"काहून घाण करून राहिला रे त्याला? चांगलं नवं होतं की."

मी उत्तर दिलं नाही. तिथेच चुकलो.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आलो तर विमान दादाच्या फोटोपुढे लख्ख! आईने रॉकेलचा बोळा फिरवला, वर साबण लावून जुन्या ब्रशने घासलं. "पाव्हणे येतील, लेकराचं विमान असं मळकं कसं ठेवू?"

मी तिला जे बोललो ते इथे लिहिणं भाग आहे. म्हणालो, "त्याला बाबाकडे नेऊन घालवलंस. उरलं होतं तेही धुऊन टाकलंस."

मी ते विमान काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. रंगाचा डबासुद्धा पिशवीत भरला आणि तीन दिवसांसाठी कुरुंद्याला कार्यक्रमाला निघून गेलो.

परत आलो. कुलूप तसंच होतं. विमान मळलेलं होतं.

माझ्यासारखं नाही... माझ्या रेघा सारख्या होत्या. इथे डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी झिजल्यासारखा रंग उडालेला, उजवीकडे जवळजवळ काही नाही. पोटाखाली, डाव्या चाकाच्या मागे, एक काळपट पट्टा. आणि तो उलटा — शेपटीकडून नाकाकडे ओढलेला.

मी काय केलं? तपासलं. कपाटाच्या फटी बघितल्या, बिजागरीचे स्क्रू बघितले. एक दुसरी किल्ली होती, ती दादाने कुठे ठेवली होती ते कुणालाच ठाऊक नाही. मग मी आईचे हात धरले, नखं बघितली, बोटं हुंगली. लसणाचा वास आला. दादाची बायको, सुनीतावहिनी, चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "भाऊजी, कुरुंद्यातल्या बायांचे हात बी असेच हुंगता का?"

बातमी फुटलीच. शेजारचा एक जण नारळ आणि लिंबू घेऊन दारात आला, "दर्शन घेऊ द्या" म्हणाला. हाच वर्षापूर्वी आईला बाबाचा पत्ता देऊन गेला होता! मी त्याचा नारळ उचलून रस्त्यावर भिरकावला. चुकून त्याला लागला असता तरी वाईट वाटलं नसतं.

पुण्यानुमोदनाला दादासोबत काम केलेले इंगोले आले. वंदना झाल्यावर त्यांनी विमान हातात घेतलं आणि उलटं केलं.

"हे कुणी सांगितलं तुला?" त्यांनी पोटाखालच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "फोटो दाखवला व्हता का त्यानं?"

"तिथे कॅमेरा नेऊ देत नाहीत ना?"

"न्हाई देत. म्हनून तर इचारतो. परकाश डावखुरा. पोटाखाली निजून फडकं उलटं मारायचा. आमी बराबर वळखायचो, ह्ये इमान परकाशनं पुसलंय. लई चिडवायचो त्याला..."

दादा डावखुरा होता हे आईला माहीत आहे, वहिनीला माहीत आहे, मलाही. तो फडकं कसं मारायचा हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर आईने रॉकेलची बाटली आणि कापसाचा बोळा माझ्यापुढे आणून ठेवला.

"घे. पूस. तूच गावाला सांगतो ना, तपासा म्हनून. पुसून कुलूप लाव, किल्ली इंगोल्याकडं दे. पुन्यांदा आलं तर आलं. न्हाई आलं तर माझाच हात व्हता म्हन."

चाचणी बरोबर होती. मीसुद्धा हीच सांगितली असती. बोळा रॉकेलात बुडवला, विमान उलटं धरलं. पट्ट्यापासून बोटभर अंतरावर हात थांबला... पुन्हा आला नाही तर?

आई बघत होती. "माझ्याच्यानं बी न्हाई झालं," ती म्हणाली, "त्याला तसाच पिवळा घरात ठेवून तुजी वाट बघनं."

मी बोळा फेकून दिला. त्या बाबाला माफ केलेलं नाही, नारळवाल्याला नाही, आणि जे झालं त्याला चमत्कारही म्हणणार नाही. खुलासा माझ्याकडे नाही, कारण मी तो होऊच दिला नाही.

विमान कपाटात आहे. नव्या पत्रकाचा मजकूर लिहून झालाय, छापखान्यातून दोनदा निरोप आला. शेवटची ओळ तेवढी अजून घातलेली नाही.