दक्षिणेकडच्या सात जागा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगायलोय.

मी नांदेडकडच्या नायगावचा. नोकरी लागली ती कोकणात, समुद्राच्या कामावर. लाटा किनारा खात होत्या, म्हणून जरा आत, पाण्यातच दगडांचा बांध घालायचा होता — लाटा तिथंच फुटाव्यात, गाव वाचावं. त्याआधी होडीतून जाऊन पाणी किती खोल ते मोजायचं. ते काम माझं. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, पोहता येतं ना? मी छाती फुगवून म्हणालो, गोदावरीकाठचा माणूस हाय मी! खोटं. गुडघ्याच्या वर पाण्यात मी कधी उतरलोच नव्हतो. कशाला बोललो? इज्जत, दुसरं काय?

होडी हरीतात्यांची. त्यांचं घर बांधाच्या दक्षिण टोकापलीकडं, वाळूला लागून. उत्तरेकडचं कसंबसं मोजलं. दक्षिणेकडं वळलो आणि होडी अशी हलली — मी फळी गच्च धरली, डोळे मिटले. तात्या तिथल्या पाण्याकडं बोट करून म्हणाले, "सायबानू, हयसर नीट मापा हां. हयसरचा पाणी लबाड आसा." मी म्हणालो, फिरवा मागं, उद्या येऊ.

उद्या गेलोच नाही. कचेरीत बसून दक्षिणेकडच्या सात जागांचे आकडे उत्तरेकडचे बघून लिहिले. थोडे कमीजास्त केले, खरे वाटावेत म्हणून. तेवढी हुशारी मात्र लई सुचली!

त्याच आकड्यांवरून बांध झाला, तात्यांच्या घराअलीकडंच संपवला. गावापुढं वाळू साचली, नारळ फुटले, माझा सत्कार झाला. आणि टोकापलीकडं? दोन पावसाळ्यांत तात्यांचं अंगण गेलं, मग पडवी, मग घर. आमच्याकडं लहान लेकरालाही कळतं — बांध चुकला की पाणी शेजाऱ्याच्या रानात घुसतं. मला कळत नव्हतं का?

चौकशीला साहेबलोक आले. तात्यांनाच विचारलं, इथं मोजणी झाली होती का? माझ्या पायाखालची वाळू सरकली. तात्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. झाली होती म्हणाले, हे साहेब स्वतः आले होते.

माझी भीती त्यांनी होडीतच ओळखली होती. घर गेलेल्या माणसानं माझी अब्रू झाकली — आणि मी? मी होकारार्थी मान हलवली. मोजणी बरोबर, म्हणजे दोष समुद्राचा, असं ठरलं. बांध वाढवायचा विषय तिथंच संपला. आणखी चार घरं गेली.

आता मी नांदेडला असतो. टीव्हीवर समुद्र दिसला की चॅनल बदलतो. तात्या लेकीकडं राहतात, दसऱ्याला न चुकता फोन करतात. ठेवताना म्हणतात, "पाण्यापासून जपा, सायबानू."

मी हो म्हणतो.