कमी सांगणारी लुआताई

अमेरिकेतल्या वेस्टमिन्स्टरच्या आमच्या नखांच्या दुकानात मागच्या दाराजवळचं टेबल लुआताईचं. तिथं खिडकी नाही, वारा नाही, गिऱ्हाइकाला ती जागा आवडत नाही, म्हणून मालकानं ती सगळ्यात जुन्या बाईला दिलेली. "म्हाताऱ्या माणसाचा मान असतो तो," असं ती म्हणायची. समोरच्या गोऱ्या बाईकडे गोड हसून आमच्या व्हिएतनामी भाषेत सांगायची, की हिच्या टाचा बघूनच हिचा नवरा पळाला असणार. बाईला वाटायचं आपलं कौतुक चाललंय. टिप ठेवून जायची.

अशी तोंडाळ बाई, पण स्वतःबद्दल ताकास तूर लागू द्यायची नाही. वडिलांची गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, डबा खाताना, भाताकडे बघत.

पंच्याहत्तर साली उत्तरेकडची माणसं लढाई जिंकून दक्षिणेत आली, तेव्हा ती बेन त्रे गावात शाळेत जात होती. एक अधिकारी घरी आला. बोलायला अगदी मऊ, बोली उत्तरेकडची, हनोईची. चहा प्यायला आणि वडिलांपुढे कागद ठेवून म्हणाला, सगळं खरं खरं लिहा, खरं लिहिणाऱ्याला सरकार माफ करतं. शेजारी दक्षिणेच्या हरलेल्या सैन्यात कप्तान होता. त्यानं लिहिलं, मी भाजी विकतो. तो घरी राहिला. लुआताईचे वडील मास्तर, पूर्वी थोडे दिवस त्याच लष्कराच्या कचेरीत कारकुनी केलेली. मास्तरच ते, खरं लिहून मोकळे झाले. मग छावणीत बोलावणं आलं, दहा दिवसांचं खाणं घेऊन या. आईनं वाळवलेला मासा आणि भात बांधून दिला. ते परत आलेच नाहीत.

तेव्हापासून तिचा एकच नियम. कुणी विचारलं तर कमी सांगायचं. होडीतून पळाली, निर्वासितांच्या छावण्यांत राहिली, अमेरिकेत आली, नखांच्या कामाचं लायसन काढलं, सगळीकडे तिनं हेच केलं. समोरच्याला जे उत्तर सोयीचं तेच द्यायचं आणि सुटायचं. मला तिचा राग यायचा. पण या नियमानं ती इथवर जिवंत पोचली होती, हेही खरं.

मग एका दुपारी थाओ नावाची पोरगी दुकानात आली. आरोग्याचं काम करणाऱ्या कुठल्याशा संस्थेची होती. लायसनवाल्या बायकांना ती विचारत फिरत होती, तुम्ही कुठल्या समाजाच्या, वय काय, घरी कुठली भाषा, आणि वाचता कुठल्या भाषेत. आम्ही वापरतो त्या रसायनांबद्दल सूचना छापायच्या होत्या, ज्या भागातल्या बायका जी भाषा सांगतील त्या भाषेत. येताना आमच्यासाठी पेरू घेऊन आलेली. पण तिनं तोंड उघडलं आणि सगळ्यांचे हात थांबले. बोली हनोईची होती. बिचारी पंच्याहत्तर सालानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली.

"काकू, अगदी खरं खरं सांगा हं," ती लुआताईला म्हणाली. "लपवायचं काही कारण नाही."

लुआताईनं मान वर केली नाही. "इंग्रजी," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या इंग्रजीच वाचतो."

तिला वाचता येणारं इंग्रजी म्हणजे बाटल्यांवरची रंगांची नावं आणि दारावरचं 'एक्झिट'. मी हळूच म्हटलं, ताई, व्हिएतनामी सांग ना. तिनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. थाओ वेडी नव्हती. तिनं लुआताईपुढचं आमच्या भाषेतलं वर्तमानपत्र पाहिलं आणि विचारलं, मग हे?

"ते मासे गुंडाळायला," लुआताई म्हणाली.

मोठी बाई बोलली म्हटल्यावर बाकीच्यांनी तिचीच री ओढली. पोरीनं मुकाट्यानं सगळं लिहून घेतलं.

ती गेल्यावर मी चिडले. म्हटलं, अगं, तिला आपलं भलंच करायचं होतं.

"त्यालाही करायचं होतं," लुआताई म्हणाली. "चहा पिऊन गेला."

पुढे सूचना छापून आल्या, इंग्रजीत. आमचा मालक किएत स्वतः जेमतेम वाचणारा. दाराशेजारी जमिनीवर आमच्या भूमिदेवाचं देवघर आहे, तिथं त्यानं तो कागद संत्र्यांसोबत आठवडाभर ठेवला आणि मग लुआताईच्या टेबलामागच्या भिंतीवर रिकामी जागा बघून चिकटवला. भिंतीवर असे कागद पुष्कळ. मला इंग्रजी बोलता येतं, पण बारीक अक्षर कोण वाचत बसतं? नखांची धूळ बसली की लुआताई ओल्या फडक्यानं तो पुसायची.

थंडीत ती खोकायला लागली. अंगात वारा भरलाय म्हणाली. मागच्या खोलीत आम्ही तिच्या पाठीला तेल लावून नाण्यानं घासायचो, वारा निघावा म्हणून. पाठीवर लाल पट्टे उठायचे, ती "बास, निघाला" म्हणायची आणि परत जाऊन पांढऱ्या बाटलीतलं पाणी नखांना लावत बसायची. वरचा जेलचा रंग पक्का बसावा म्हणून ते आधी लावतात. जिना चढताना ती मध्येच बसायला लागली, तेव्हा मी तिला ओढतच इस्पितळात नेलं.

तिथं मीच सांगितलं, दुभाषी द्या. नर्सनं फोन लावून मध्ये ठेवला. फोनमधून बाईचा मऊ आवाज आला.

"काकू, डॉक्टरांना सगळं खरं खरं सांगा. काही लपवू नका."

बोली हनोईची. लुआताईनं फोनकडे पाहिलं, मग नर्सकडे, आणि म्हणाली, "इंग्लिश. मला इंग्लिश येतं."

मी मध्ये पडले, पण पेशंटनं नको म्हटल्यावर नर्स काय करणार? फोन बंद झाला. डॉक्टर तरुण होता, भला होता, इंग्रजीत सावकाश बोलला. मी मोबाइलवर पांढऱ्या बाटलीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, या बाटलीबद्दल तर सगळ्या दुकानांना इशारा दिलाय, बंद जागेत वापरू नका, खोकला आला तर तात्काळ थांबा. माझ्या डोळ्यांपुढे तो पुसून पुसून चकचकीत केलेला कागद आला. किती या पाण्यानं झालं आणि किती आयुष्यभराच्या धुळीनं, ते सांगता येणार नाही, असंही तो म्हणाला. फुप्फुसं आता सुधारणार नाहीत. मग आणखी काय काय होईल, तेही सांगितलं. लुआताई गिऱ्हाइकापुढे हसते तशी हसत होती. मान डोलावून "ओके, ओके, थँक्यू" म्हणत होती.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली नाही. मला रडू येत होतं आणि तिचा संतापही आला होता. मनात म्हटलं, आता तिनं विचारलं की एकही शब्द गाळायचा नाही.

ती बराच वेळ सीटच्या पट्ट्याशी झटत राहिली. मी तो लावून दिला.

"काय म्हणाला गं?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं माझ्या हातावर हात ठेवला. नखांचा रंग काढायच्या अ‍ॅसिटोननं भेगाळलेला, कागदासारखा कोरडा हात.

"कमी सांग," ती म्हणाली.

मी कमी सांगितलं.