एका पंगतीचं घर

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तळोद्याच्या एका सभेला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरातली पंगत बदलली. आमच्या ब्राह्मणपुरी गावात तेव्हा कुणाच्याही घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, ओट्याच्या वर चढत नसे. आमचा सालदार डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरचा भिल्ल. माझ्या लग्नाची बैलगाडी त्यानंच हाकली होती, इतका जुना. त्याची भाकरी वरून हातावर टाकायची, वरण त्याच्या वाडग्यात ओतायचं, आणि तो गोठ्याच्या पडवीत बसून जेवायचा. मालक म्हणाले, "आतेपासून तो आपला पंगतमा बठी. जे आपण खासूत तेच तो खाई."

मला ते पटलं होतं, आजही पटतं. पण माणसाला विचार सुचतो तो अंगणात, आणि त्याची भांडी घासावी लागतात मोरीत. सासूबाईंनी त्याच दिवशी माझ्या चुलीचं अन्न सोडलं. परसात दुसरी चूल मांडली. त्यांचे हात कापायचे, म्हणून ती पेटवायची मीच, पाणीही मीच भरायचं, आणि तिथलं सोवळंही मीच सांभाळायचं. शेजारणी आमच्याकडे हळद दळायला यायच्या, त्या येईनाशा झाल्या. एकटीनं जातं ओढायचं म्हणजे काय ते ज्यानं ओढलं त्यालाच ठाऊक. सालदार आपलं ताट उचलायला गेला की मालक त्याला अडवत. "ऱ्हाऊ दे," म्हणत. ऱ्हाऊ दे म्हणजे कोण घासणार, हे बोलायची गरज नव्हती. मालकांच्या व्रतानं माझी कंबर मोडली, असं मी एकदा हसत म्हणाले होते. ते हसले नाहीत.

सालदार पंगतीत बसायचा तो पाय पोटाशी घेऊन. गव्हाची पोळी, तूप, भाजी, सगळं इतरांसारखं. दीड पोळी खाऊन तो हात आखडता घ्यायचा. मालक आग्रह करत, मी वाढत असे, तो मान खाली घालून "बस व्हयनं माय" म्हणत असे. वर्षभरात त्याच्या गालाची हाडं वर आली. मला वाटलं, कसला तरी आजार असेल. मी त्याला काढा करून दिला, तोही त्यानं निमूट घेतला.

एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत मी शेतात गेले. बाभळीखाली तो पाय लांब पसरून बसला होता. मांडीवर फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची जाड भाकरी, वर मिरचीचा ठेचा. त्याच्या बायकोनं पाड्यावरून आणली होती. तो तळहातावर भाकरी चुरत होता, काहीतरी गुणगुणत होता, आणि बोटं चाटत होता. मी दिसताच त्यानं फडकं झाकलं. चोरी पकडल्यासारखा उभा राहिला. मी पाठ वळवून कापूस वेचायला लागले. मनात मात्र धसका बसला, हा माणूस आता आपल्याकडे टिकत नाही.

आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. ज्याला राहायचं तो राहतो, ज्याला जायचं तो त्याच दिवशी सांगतो. आखाजी जवळ आली तशी मी रोज त्याच्या तोंडाकडे बघायचे. तो गेला तर बैल कोण सांभाळणार, ही काळजी होतीच. पण त्याहून जास्त म्हणजे या घरात मला माय म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. सणाच्या दिवशी पुरणाचं जेवण झालं आणि तो गोठ्याशी मला म्हणाला, "माय, मी आते येवाव नही."

"काय कमी पडनं रे?"

"कमी काहीच नही. मालक देवमाणूस शेतस. पण मालक समोर बठतस, ते मन्हा घास उतरत नही."

मालकांना ते फार लागलं. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, "मी त्याले माणूस म्हणीसन बठाडं, अन् तो उठी चालना." मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "तुम्हीन त्याले इचारं व्हतं का, तुले कोठे बठनं शे?"

मग मी आणखी विचारलं, "अन् माले?"

"तुले काय इचारनं?" ते खरोखर गोंधळून म्हणाले. "तू ते घरनीच शे."

सालदार गेला. धानोऱ्याकडच्या एका वाड्यात लागला. तिथं त्याला भाकरी पुन्हा वरूनच टाकतात, हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण मालकांचं चुकलं होतं असं मी अजूनही म्हणू शकत नाही. ज्या विचारात कुणाला विचारलेलं नसतं, तो चांगला असला तरी अंगावर जड होतो, एवढंच. नवा सालदार आला तेव्हा मालकांनी त्याला आधी विचारलं. तो म्हणाला, पडवीतच बसतो. मालकांनी मान डोलावली.

मला या वेळीही कुणी विचारलं नाही, आणि मी वाद घातला नाही. फार थकले होते. लग्न होऊन आल्यापासून पुरुषांची पंगत उठल्यावर, सासूबाईंचं झाल्यावर, जे उरेल ते मी भिंतीकडे तोंड करून खात आले होते. परसातली चूल काही मोडली नव्हती; एका दुपारी दोन्ही चुलींवरचा स्वयंपाक झाला आणि मी कुणालाच हाक मारली नाही. पहिलं ताट वाढून घेतलं, चुलीपाशी मांडी घालून बसले आणि गरम पोळी खाऊ लागले. सासूबाई दारात येऊन थबकल्या.

"बरं नही का तुले?" त्यांनी विचारलं.

"बरी शे," मी म्हटलं. "भूक लागनी."