अपडेटनंतर पातळ झालेलं दूध

“मी कुणाचा उंबरा चढत नाही, पण चाळीस गावांत माझा हात फिरतो.”

सम्मेद मगदूम हे एकदा म्हणाला होता. त्यात बढाई नव्हती. होती ती थोडी भीती. एवढ्या घरांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारा माणूस जसा अधूनमधून कंबर चाचपतो, तसा तो बोलताना थांबला होता.

गडहिंग्लजला एसटी स्टँडच्या मागं त्याचं दुकान. कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकून तो परत आला आणि दूध संस्थांच्या कामात पडला. संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध येतं. काट्यावर वजन होतं, यंत्रात दुधाची फॅट लागते, तिच्यावर दर ठरतो, दोन्ही आकडे कॉम्प्युटरमध्ये जातात. कुठं काही अडलं की सचिव फोन करतो. सम्मेद दुकानात बसल्या बसल्या त्या गावचा पडदा आपल्या पडद्यावर उघडतो आणि तिकडचा बाण इकडून हलवतो. दूध थांबत नाही, नासतं. म्हणून प्रत्येक संस्थेनं त्याला कायमचा पासवर्ड देऊन ठेवलेला. तिकडं कुणी नसलं तरी त्याला आत जाता यावं.

आत गेल्यावर आधी तो बाण दोनदा डावी-उजवीकडे हलवायचा. दाराची कडी वाजवावी तसा. मगच कामाला हात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात न सांगता शिरण्याची त्याला लाज वाटे, एवढंच. एका गावानं जरी म्हटलं की ‘ह्याचा भरवसा न्हाय’, तर बाकीची गावं आठवड्यात दार लावून घेतील, हे तो जाणून होता. त्याच्याकडं विकायला दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी मात्र तो खुर्ची सोडायचा. घर जैनाचं, दिवस मावळायच्या आत जेवण. जेवून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आरतीला जायचा. तेवढा वेळ दुकानात त्याची बायको प्रियदर्शनी बसायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती. दुकानातलं निम्मं काम तिला येत होतं. बघून बघून शिकलेली.

प्रियदर्शनीचं माहेर नेसरी. तिथल्या दूध संस्थेचं काम सम्मेदकडंच. त्यामुळं नेसरीत त्याच्या बाणाला नाव पडलं होतं. पडद्यावर बाण दोनदा हलला की सचिव बाळासो ओरडायचा, “आलं बघा जावय!” आणि कॅन घेऊन उभी असलेली रांग हसायची. मग बाण काय करतो ते न बघता बाळासो दूध मोजायला वळायचा.

“असला जावय पायजे. चहा न्हाय, पान न्हाय. येतंय, काम करतंय, जातंय.”

“आन् सासूला पाया बी पडत न्हाय!”

सासू सीताबाई त्याच रांगेत असायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी एकच. एक म्हैस, आणि म्हशीइतकाच ताठ स्वभाव. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही, हा तिचा नेम. गडहिंग्लजला डॉक्टरकडं आली तर लेकीकडं टेकायची, पण पिशवीतून स्वतःचं गाळलेलं पाणी काढून प्यायची. प्रियदर्शनीनं एकदा तिच्या पिशवीत साडी सरकवली होती. ती साडी एसटीच्या कंडक्टरबरोबर परत आली. वर निरोप: ‘माझी म्हस मला पोसतीया.’

ते खरंही होतं. सीताबाई सकाळचं दूध गल्लीत रतीबाला घालायची, संध्याकाळचं संस्थेला, आणि त्याला चांगली फॅट लागायची. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं काट्यावरचा आकडा तिला दिसत नसे. पण संकलन बंद झाल्यावर सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जायचा, तो ती शेजारच्या धोंडुबाईकडून वाचून घ्यायची. सात-दोन. सात-तीन. मग गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, “पेंड कुणाची बी चारा. हात माझा पायजे.”

मग अपडेट आलं.

कॉम्प्युटरनं ते आपणहून घेतलं, कुणाला न विचारता. दुसऱ्या दिवशी सम्मेदनं नेसरी उघडलं तर समोर नुसतं काळं. जोडणी झाली म्हणून हिरवा ठिपका दिसत होता, पण पडदा काळा. त्या काळ्यात त्याचा बाण एकटाच फिरत होता, विहिरीत पडलेल्या काडीसारखा. तिकडं त्याचा काहीच परिणाम होत नव्हता.

त्यानं फोन लावला. “बाळासो, एक चौकट आली असंल बघा. ‘पडदा दाखवू का’ असं विचारणारी. तिला होय म्हणा.”

“चौकट न्हाय आली.”

“नीट बघा. अपडेटनं जुन्या सगळ्या परवानग्या काढून घेतल्यात. ती परत विचारणारच.”

“अवो पावणं, मी काय आंधळा हाय व्हय? माझ्यासमोर वजन हाय, फॅट हाय, आन् माझ्या नातवाचा फोटू हाय. चौकट न्हाय!”

“बंद करून चालू करा.”

“तीनदा केला. आता माझंच डोकं बंद पडतंय.”

असं रोज चाललं. सम्मेदनं जुनी आवृत्ती घालून बघितली, प्रोग्रॅम काढून परत टाकायला लावला. काळं ते काळंच. बाकीच्या गावांत परवानगी दिल्यावर पडदे उघडले, नेसरीच उघडेना. तो आरतीहून परतला की प्रियदर्शनी विचारायची, “माहेरचं झालं का सुरू?” तो मान हलवायचा. आपल्या कामाची तिला एवढी काळजी, ह्याचं त्याला बरं वाटायचं.

एके दिवशी तो महागावला एका संस्थेची वायर बदलायला गेला होता. दुपार कलताना बाळासोचा फोन आला. आवाज चढलेला.

“पावणं, तुम्ही सोता या. वजनाचा आकडा बी घेईना झालंय. आन् तुमची सासू माझ्या उरावर बसलीया.”

“मामींचं काय?”

“म्हणतीया, अपडेट झाल्यापासनं माझ्या म्हशीचं दूध पातळ झालंया!”

सम्मेद मोठ्यानं हसला. घरी फोन न करता त्यानं गाडी तशीच नेसरीकडं वळवली.

पोचला तेव्हा रांग दारापासून पिंपळापर्यंत गेली होती. काटा थांबल्यामुळं लोक खोळंबले होते. त्याला बघून गलका झाला.

“आज बाण न्हाय, अख्खं जावय आलं की रं!”

सीताबाईनं पदर सारखा केला. “या जावयबापू. तुम्हीच सांगा ह्या बाळासोला. सात-तीनची फॅट सहा-एक कशी हुईल? म्हस तीच, पेंड तीच, मी तीच. बदललं काय, तर ह्याचं डबडं!”

रांगेतला पिराजी म्हणाला, “आज्जे, अपडेट कॉम्प्युटरला झालंय, म्हशीला न्हाय.”

“मग म्हशीचं दूध कॉम्प्युटर का पितोय?”

सगळे हसले. सम्मेदही हसला. वाकून तिच्या पाया पडला आणि आत गेला.

आत वजनाची वायर ढिली झाली होती. ती त्यानं बसवली. मग पडदा. बाळासोसमोरच्या पडद्यावर खरंच चौकट नव्हती. सम्मेदनं मोबाइलवरून जोडून बघितलं. हिरवा ठिपका, काळं. तेवढ्यात खिडकीबाहेरून धोंडुबाई म्हणाली, “ही बघा, आली ती जाहिरात.”

तो बाहेर धावला. खिडकीला दुसरा पडदा टांगलेला होता. सभेत भांडण झाल्यापासून लावलेला, सभासदांना आपलं वजन आणि फॅट दिसावी म्हणून. अपडेटनंतर चौकट ह्या बाहेरच्या पडद्यावर येत होती. रांग ती रोज बघत होती, पेंडीची जाहिरात समजून.

“सांगायचं न्हाई व्हय कुणी?” बाळासो कडाडला.

“इंग्रजीत व्हती. आमाला वाटलं सरकारी आसंल.”

सम्मेदनं परवानगी दिली, ती कायमची केली, जुना पासवर्ड पुन्हा घातला. परत असं होऊ नये म्हणून दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येईल असं लावलं. आधी बाहेर नुसते आकडे दिसायचे; आता बाळासो जे बघेल तेच रांगेला दिसणार होतं. काम झालं होतं. संकलन सुरू झालं. सीताबाईचं दूध लागलं: सहा-एक. ती आकडा न बघताच बाजूला उभी राहिली, मेसेजची वाट बघत.

“जावय, दिवस बुडाला. उपाशीच राहिलासा,” ती म्हणाली.

सूर्य खरंच गेला होता. आता उद्यापर्यंत अन्न नाही. सम्मेद वायर गुंडाळत होता. बस्तीत आरती सुरू झाली असेल, दुकानात प्रियदर्शनी बसली असेल, आणि नेसरीचा हिरवा ठिपका बघून तिला बरं वाटेल, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं होतं.

पडद्यावरचा बाण दोनदा हलला. डावी-उजवीकडे.

“आलं बघा जावय!” धोंडुबाई सवयीनं म्हणाली.

हसू फुटलं आणि अर्ध्यात तुटलं. कारण जावई समोर उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत वायर होती. बाळासोचा हात दुधाच्या मापावर होता. माऊसला कुणी शिवलं नव्हतं.

बाण सरळ गेला. चाचपडला नाही, घरातला माणूस अंधारात फिरतो तसा गेला. त्यानं संध्याकाळची यादी उघडली. सीताबाईच्या नावावर थांबला. सहा-एक पुसलं गेलं. तिथं सात-तीन उमटलं. मग बाणानं यादी मिटली, आणि पडदा पहिल्यासारखा झाला.

सगळी रांग ते दोन्ही पडद्यांवर बघत होती.

सम्मेदला प्रथम वाटलं, हा आपलाच हात आहे. कुठंतरी दुसरीकडं राहिलेला. तीच कडी. तोच थांबून मग पुढं जाण्याचा ढंग. जगात हा ढंग आणखी एकाच माणसाला येत होता, आणि ते माणूस ह्या घटकेला त्याच्याच खुर्चीत बसलेलं होतं. त्याच्या कानात एकदम पाणी भरल्यासारखं झालं. साडी. कंडक्टर. ‘झालं का सुरू?’ लेकीच्या घरचा घोटही न घेणाऱ्या बाईला लेक रोज संध्याकाळी आकड्यातून घास भरवत होती. आणि घास येत होता तो संस्था दिवाळीला ह्या रांगेला नफ्यातून जो फरक वाटते त्यातून.

“गप का झाला रं समदी?” सीताबाईनं विचारलं. ती पडद्याकडं बघत होती, तिला तिथं फक्त उजेड दिसत होता.

बाळासो सावकाश उठला. “पावणं,” तो म्हणाला. आवाजात हसणं उरलं नव्हतं. “पासवर्ड कुणाकुणाकडं हाय?”

सम्मेद पुन्हा वायर गुंडाळू लागला.

“एवढंच सांगा, दुकानात कोण बसलंय. एक नाव. आपण हितल्या हितं मिटवू.”

पिराजी पुढं आला. “का ह्योच लावून ठेवतोय मशीन, सासूसाठनं? आमी आपलं जावय जावय करतोय!”

“ए पिराज्या,” सीताबाई कडाडली, “माझ्या जावयाला बोलायचं काम न्हाय. त्यानं काय केलं? मशीन नीट केलं.” मग तिला काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. “फॅट आली का माझी? धोंडे, वाच की. किती लागली?”

धोंडुबाईनं सम्मेदकडं बघितलं. मग बाळासोकडं. मग खाली.

“सात-तीन,” ती म्हणाली.

“म्हटलं न्हवतं!” सीताबाईनं रिकामी कॅन उचलून दाखवली, साऱ्या रांगेला. “आरं, म्हस माझी खोटं बोलत न्हाय! सांगा जावयबापू ह्यास्नी!”

रांग सम्मेदकडं बघत होती. बाळासो एका नावाची वाट बघत होता. ते नाव इथं उच्चारलं की सम्मेद सुटणार होता, चाळीस गावं त्याचीच राहणार होती; आणि ही बाई ह्या खिडकीसमोर परत कधी उभी राहणार नव्हती.

त्यानं गुंडाळलेली वायर टेबलावर ठेवली. वाकून सासूच्या पायांना हात लावला. मग रांगेनं करून दिलेल्या वाटेतून, कुणाकडंही न बघता, ते नाव न उच्चारता तो बाहेर निघून गेला.